घटस्फोटाची सेटलमेंट आपसात कशी ठरवायची: आकडा शेवटी, तारखा आधी

दोघांनाही आता एकत्र राहायचं नाहीये हे नक्की झालंय, भांडून भांडून कंटाळा आलाय आणि कोर्टात वर्षानुवर्षं एकमेकांवर चिखलफेक करण्यापेक्षा बसून मिटवावं असं वाटतंय, तर हे तुमच्यासाठी. मी वकील नाही, पण नात्यात आणि ओळखीत अशा सेटलमेंट जवळून पाहिल्यात, कागद वाचलेत, आणि एक गोष्ट पक्की कळलीय की भांडण होतं ते आकड्यावरून, पण ठरलेलं मोडतं ते तारखांवरून. म्हणजे "३० लाख की ४० लाख" यावर सहा महिने घासाघीस होते, आणि ते पैसे कधी, कुठल्या टप्प्यात, कोणत्या कागदाच्या बदल्यात द्यायचे हे शेवटच्या दिवशी दहा मिनिटांत वकिलाच्या ऑफिसात उरकतात. मग व्हायचं तेच होतं.

आधी एक सूचना. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, समोरच्याची भीती वाटत असेल तर समोरासमोर बसून वाटाघाटी करायच्या फंदात पडूच नका. तुमच्या भीतीवर ठरलेली सेटलमेंट तुमच्या विरोधातच जाणार. १८१ महिला हेल्पलाइन आहे, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, कमावत्या बाईलाही मिळतो. आधी ते, सेटलमेंट नंतर, आणि तीही वकिलामार्फत.

आता कायद्याची चौकट थोडक्यात, कारण ती माहीत नसेल तर टेबलावर काय मागायचं आणि कधी मागायचं हेच कळत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट मिळतो. अट अशी की किमान एक वर्ष वेगळं राहत असायला हवं. वेगळं म्हणजे पती-पत्नी म्हणून राहत नसणं, एकाच छताखाली राहूनही वेगळं राहता येतं हे सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय. पहिला अर्ज दोघं मिळून करतात, त्याला फर्स्ट मोशन म्हणतात, मग सहा महिने थांबायचं, आणि पहिल्या अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत सेकंड मोशन, म्हणजे दोघांनी पुन्हा कोर्टात येऊन संमती सांगायची. हे मधले सहा महिने माफ होऊ शकतात, २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून. पण त्यासाठी कोर्ट बघतं की फर्स्ट मोशनच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालंय का, समेटाचे प्रयत्न करून झालेत का, आणि मुलांचा ताबा, पोटगी हे सगळं खरंच मिटलंय का. हे शेवटचं नीट वाचा. म्हणजे तुमची सेटलमेंट जितकी पक्की आणि तपशिलात, तितका घटस्फोट लवकर. स्पेशल मॅरेज ॲक्टने लग्न केलं असेल तर साधारण असंच आहे, ख्रिश्चन जोडप्यांचा कायदा वेगळा, मुस्लिमांमध्ये परस्पर संमतीचा मार्ग मुबारातचा, वकिलाला विचारा, पण वाटाघाटीचं पुढचं सगळं सगळ्यांना सारखंच लागू पडतं.

आणि हो, स्टँप पेपरवर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, झाला घटस्फोट, हे अजूनही लोक करतात. तसा घटस्फोट होत नाही. काही समाजांतल्या रूढीचा अपवाद आहे, पण तो कोर्टात सिद्ध करायला लागतो. त्या कागदावर विसंबून कोणी दुसरं लग्न केलं तर प्रकरण फौजदारीत जातं, त्यामुळे नातेवाइकांपैकी कोणी "अहो कशाला कोर्टकचेरी, नोटरीने होतं" म्हणालं तर हो हो म्हणा आणि विषय बदला.

बसायच्या आधी

पहिलं काम कागद. माझं स्पष्ट मत आहे की ज्याच्याकडे कागद कमी त्याचाच आवाज टेबलावर मोठा असतो, कारण त्याच्याकडे ओरडण्याशिवाय काही नसतं. तीन वर्षांचे आयटी रिटर्न, सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिप, बँकेची स्टेटमेंट, पीएफ पासबुक, म्युच्युअल फंड आणि डीमॅटचं स्टेटमेंट, एलआयसीच्या पॉलिसी, घराचा ॲग्रीमेंट आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), लोनचं आउटस्टँडिंग लेटर, गाडीचं आरसी, लॉकरची माहिती, क्रेडिट कार्डाची आणि हातउसनी देणी. हे दोघांनीही एकमेकांना द्यायचं. समोरचा म्हणाला "माझ्या पगाराशी तुला काय करायचंय", तर त्याला शांतपणे सांगा की सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं ॲफिडेव्हिट द्यावंच लागतं. तिथे शपथेवर द्यायचंच असेल तर इथे चहा पिता पिता दिलेलं काय वाईट.

दुसरं काम, स्वतःशीच बसून तीन गोष्टी लिहा: मला काय हवंच आहे, काय मिळालं तर बरं, आणि कशाशिवाय मी उठून जाईन. हा कागद कोणाला दाखवायचा नाही, आईलासुद्धा नाही. विशेषतः आईला नाही, कारण मग तो मावशीला कळतो आणि मावशीकडून सासरी. तिसरी ओळ लिहिताना हे धरा की आपसात नाही जमलं तर पर्याय काय, तर एकाने दुसऱ्याविरुद्ध टाकलेली केस, पुरावे, उलटतपासणी, तारखांवर तारखा, वकिलाची फी, आणि निकाल लागला तरी वर अपील. संमतीच्या हुकमावर अपील होत नाही हा आपसात मिटवण्याचा सगळ्यात मोठा फायदा. "लग्न मोडलंच आहे तर सरळ सुप्रीम कोर्टात जाऊ" असंही कोणी सांगतं, २०२३ मध्ये घटनापीठाने तसा अधिकार घटनेच्या कलम १४२ खाली आहे म्हटलंय खरं, पण तो सुप्रीम कोर्टाचा अधिकार आहे, तुमचा हक्क नाही, फॅमिली कोर्ट त्या आधारावर घटस्फोट देत नाही.

तिसरं, बोलायचं कुठे. घरी नको, बेडरूममध्ये तर अजिबात नको, जिथे मुलं ऐकतात तिथे नको. मध्यस्थी केंद्र उत्तम. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे केस दाखल करण्याआधीही मध्यस्थी होते आणि मध्यस्थासमोर बोललेलं गोपनीय राहतं. तसं नको असेल तर दोघांनाही मान्य असलेली एक व्यक्ती, जी दोन्ही बाजूंना "तू चुकतोयस", "तू चुकतेयस" म्हणू शकते. दोन्हीकडचे मामा, काका, आत्या, मेहुणे असा लवाजमा नेलात तर ती वाटाघाट राहत नाही, याद्या पुन्हा वाचल्या जातात, लग्नात कोणाला मानपान मिळाला नाही इथपासून.

व्हॉट्सॲपवर सेटलमेंट करू नका. लिहिताना माणूस तावातावाने लिहितो आणि स्क्रीनशॉट कायमचा राहतो. फोनवरही जपून, कारण जोडीदाराने गुपचूप केलेलं कॉल रेकॉर्डिंग वैवाहिक केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय. लेखी प्रस्ताव द्यायचाच असेल तर वकिलामार्फत, आणि त्यावर "विदाउट प्रेज्युडिस" लिहून, म्हणजे बोलणी फिसकटली तर तो तुमच्यावर उलटवणं अवघड जातं.

कशाबद्दल आधी बोलायचं

बहुतेक लोक पैशाने सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. मी म्हणेन मुलं आधी, मग घर, मग दागिने आणि सामान, मग चालू केसेस, आणि पोटगीचा आकडा सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे, मूल कोणाकडे राहणार आणि घर कोणाकडे राहणार हे ठरल्याशिवाय कोणाला किती पैसे लागतील हेच कळत नाही. एका बैठकीत एकच विषय, दीड तासाच्या वर नाही, आणि उठायच्या आधी जे ठरलं ते चार ओळींत लिहून दोघांनी फोटो काढून घ्यायचा. सही नको, नुसती नोंद. पुढच्या वेळी "मी असं म्हणालोच नव्हतो" यावर पाऊण तास जात नाही.

मुलांचं. कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, पण खरा निकष मुलाचं हित, आणि कोर्ट तेच बघतं, दोघांनी काहीही ठरवलेलं असलं तरी. इथे दोन गोष्टी कधीही करायच्या नाहीत. एक, मुलाच्या ताब्याची किंमत लावायची नाही, "कस्टडी देतो पण पोटगी सोड" हा सौदा ऐकायला सोपा वाटतो, पण मुलाचा खर्चाचा हक्क मुलाचा असतो, आई-बापाने सोडून दिला म्हणून तो जात नाही, उद्या मुलाच्या नावाने अर्ज होऊ शकतो. दोन, "भेटीगाठी दोघांच्या सोयीने" असं लिहायचं नाही. सोय ही गोष्ट घटस्फोटानंतर सहा महिन्यांत संपते.

म्हणजे कसं लिहायचं, तर असं. बहुतेक ड्राफ्टमध्ये वाक्य असतं, "वडिलांना मुलीला वाजवी वेळी भेटण्याची मुभा राहील." यातल्या वाजवी या शब्दावर पुढे दहा वर्षं भांडता येतं. त्याऐवजी: "दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता वडील मुलीला आईच्या घराच्या गेटवरून घेतील आणि रविवारी संध्याकाळी ६ वाजता तिथेच आणून सोडतील. मुलगी आजारी असल्यास आदल्या रात्री ८ पर्यंत मेसेज, आणि ती भेट पुढच्या शनिवारी. दिवाळीची सुट्टी सम वर्षी पहिला अर्धा भाग आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. मे महिन्याच्या सुट्टीत सलग १५ दिवस वडिलांकडे. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी ७ ते ७.३० व्हिडिओ कॉल." कंटाळवाणं वाटतं ना वाचायला? कंटाळवाणंच हवं. गेटवरून की घरात येऊन हेसुद्धा लिहा, पहिल्या वर्षी सासूबाई दारात दिसल्या की काय होतं ते मी पाहिलंय.

याच्या जोडीला शाळेच्या रेकॉर्डला दोघांची नावं राहतील का, रिपोर्ट कार्ड दोघांना मिळेल का, पासपोर्टसाठी सही कोण करणार, परदेशी न्यायचं तर किती दिवस आधी कळवायचं, ज्याच्याकडे मूल आहे तो दुसऱ्या शहरात गेला तर भेटींचं काय, आजी-आजोबांना भेटता येईल का, ऑपरेशनची वेळ आली तर कोणाला विचारायचं. आणि मुलापुढे एकमेकांबद्दल वाईट न बोलण्याचं कलम, जे कोर्ट पोलिसासारखं राबवू शकत नाही हे मला माहितीये, तरी लिहा.

खर्चाचंही तसंच. "शिक्षणाचा खर्च वडील वेळोवेळी देतील" हे फोल आहे. दरमहा किती, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, दरवर्षी किती टक्के वाढ, शाळेची फी थेट शाळेला की आईच्या खात्यात, पावती मिळाल्यापासून किती दिवसांत, क्लास आणि दाताच्या तारा निम्म्या निम्म्या का, बारावीनंतरचं काय. मुलगी असेल तर लग्न होईपर्यंतच्या खर्चाचा हक्क कायद्यात आहे, तो विसरू नका.

घर

इथे लोकांचे दोन टोकाचे गैरसमज असतात. बायको म्हणते लग्न झालंय म्हणजे निम्मं घर माझं, नवरा म्हणतो माझ्या नावावर आहे म्हणजे तुझा काही संबंध नाही. भारतात अर्धं-अर्धं वाटण्याचा सरसकट नियम नाही, घर ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशाने, त्याप्रमाणे बघितलं जातं. (गोव्यात वेगळं आहे, तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक धरतात.) पण म्हणून घर वाटाघाटीत येत नाही असं नाही, पोटगी ठरवताना समोरच्याची ऐपत बघतात आणि घर ही ऐपतच आहे, शिवाय बायकोला राहायला जागा लागणार तो खर्च कुठेतरी धरायलाच हवा.

हिशोब करून बघा. समजा फ्लॅट दोघांच्या नावावर, बाजारभाव ९० लाख, लोन बाकी ३८ लाख. म्हणजे वाटायला आहेत ५२ लाख, ९० नाही. त्यातून डाउन पेमेंट कोणी दिलं, कोणाच्या वडिलांनी दिलं, हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, कोण कमावत असताना कोण घर आणि मूल सांभाळत होतं, हे धरून हिस्से ठरवायचे. मग तीन वाटा, विकून पैसे वाटायचे, किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा, किंवा घर पोटगीच्या बदल्यात द्यायचं. बाजारभावावरून वाद असेल तर दोघांनी मिळून एक व्हॅल्युअर लावा, दोघांनी दोन लावले की मधला फरकच भांडणाचा विषय होतो.

आता जो मुद्दा सगळ्यात जास्त लोक विसरतात तो. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी देणंघेणं नाही. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या सहीने कोर्टात द्यायच्या अटींच्या कागदात, "यापुढील हप्ते पती भरेल" असं लिहिलं तरी लोनवर दोघांची नावं असतील तर बँक दोघांच्याही मागे लागते, त्याने हप्ता चुकवला की हिचा सिबिल स्कोअर जातो. म्हणून बोलणी चालू असतानाच बँकेत जाऊन विचारा की एकाचं नाव काढायला काय लागेल, उरलेल्याची एकट्याची लोन पात्रता बसते का. बसत नसेल तर घर ठेवायचा विचार भावनिक आहे, आर्थिक नाही.

आणि टायमिंग. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. पण ही सवलत नवरा-बायको असताना. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर तुम्ही कायद्याने परके, मग बाजारभावावर शुल्क लागायची वेळ येऊ शकते. त्यामुळे बक्षीसपत्र सेकंड मोशनच्या आधी करायचं. यात देणाऱ्याला भीती असते की घर दिलं आणि समोरच्याने संमती काढून घेतली तर? भीती बरोबरच आहे, हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. म्हणून फर्स्ट मोशन झाल्यावर, सेकंड मोशनच्या तारखेच्या अगदी जवळ, दोन्ही वकिलांच्या हजेरीत नोंदणी करा, आणि टर्म्समध्ये या बक्षीसपत्राचा उल्लेख कसा करायचा ते वकिलाला विचारून लिहा. करावर काय परिणाम होतो ते सीएला एकदा विचारा, त्याची फी वाचवू नका. सोसायटीला शेअर सर्टिफिकेट ट्रान्सफरसाठी काय लागतं तेही आधीच विचारून ठेवा.

दागिने, सामान

स्त्रीधन म्हणजे बायकोचं, पूर्णपणे तिचं, माहेरहून आलेलंही आणि सासरच्यांनी लग्नात घातलेलंही, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ पासून सांगितलंय. त्यामुळे स्त्रीधन परत करणं म्हणजे पोटगी देणं नव्हे, तो हिशोब वेगळा ठेवा. "तुला तुझे दागिने दिले ना, मग आता पैसे कशाला" हे चालू द्यायचं नाही.

यादी करायला लग्नाचा अल्बम काढा. हो, जिवावर येतं, पण याहून चांगला पुरावा नाही. फोटो बघत बघत एकेक लिहायचं, पाटल्या, बांगड्या, तोडे, चपलाहार, ठुशी, नथ, कुड्या, पुढे सराफाची पावती असेल तर वजन, नसेल तर अंदाजे तोळे, आणि तिसऱ्या रकान्यात सध्या कुठे, लॉकरमध्ये, सासूबाईंकडे, मोडला, गहाण. मोडून घराच्या डाउन पेमेंटमध्ये घातलेलं सोनं बऱ्याच यादीत निघतं, ते घराच्या हिशोबात धरून घ्या. देताना लॉकरसमोर उभं राहून यादीवर टिक करायची, दोघांच्या सह्या, मोबाइलवर व्हिडिओ. फ्रिज, सोफा, वॉशिंग मशीन यावर मात्र एका बैठकीच्या वर वेळ घालवू नका, वकिलाची एका तारखेची फी त्या जुन्या मशीनहून जास्त असते.

चालू केसेस

आधीच ४९८-अ, म्हणजे बायकोच्या छळाची फौजदारी केस, झालेली असेल (१ जुलै २०२४ नंतरच्या प्रकरणांत भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), घरगुती हिंसाचाराचा अर्ज असेल, पोटगीचा असेल, नवऱ्याने इकडे काहीतरी टाकलेलं असेल, तर प्रत्येक केसचा नंबर आणि कोर्ट टर्म्समध्ये लिहून ती कशी आणि कधी संपणार ते लिहा. घरगुती हिंसाचाराचा किंवा पोटगीचा अर्ज मागे घेता येतो. ४९८-अ असा नुसता मागे घेता येत नाही, त्यासाठी हायकोर्टात जाऊन एफआयआर रद्द करून घ्यावा लागतो, आणि तिथे बायकोला संमतीचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं. म्हणजे घटस्फोट झाला तरी नवऱ्याला तिची गरज संपत नाही आणि तिला पैशाची. टप्पे इथूनच जन्माला येतात.

केस करीन किंवा केस मागे घेणार नाही या धमकीवर पैसे वाढवणं, आणि पैसे दाबून धरून केस मागे घ्यायला लावणं, दोन्ही सर्रास चालतं. काही काळ चालतंही. पण मध्यस्थ आणि न्यायाधीश असली माणसं रोज बघतात, त्यांच्या लक्षात यायला वेळ लागत नाही.

आता आकडा

पोटगीचं ठरलेलं सूत्र नाही. २०१७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के वाजवी म्हटलं होतं, तो आकडा सगळे वकील तोंडावर फेकतात, पण तो नियम नाही. डिसेंबर २०२४ च्या प्रवीणकुमार जैन प्रकरणात कोर्टाने काय काय बघायचं ते सांगितलंय: दोघांची सामाजिक-आर्थिक स्थिती, बायको-मुलांच्या वाजवी गरजा, दोघांचं शिक्षण आणि नोकरी, तिचं स्वतःचं उत्पन्न, लग्नात असतानाचं राहणीमान, घरासाठी तिने नोकरी सोडली का, न कमावणाऱ्या बायकोचा कोर्टाचा खर्च, नवऱ्याची ऐपत आणि त्याच्यावरची देणी. हीच यादी टेबलावर ठेवा आणि एकेका मुद्द्यापुढे तुमची माहिती भरा, म्हणजे "तुझी लायकी काय" ऐवजी कागदावर बोलणं होतं. आणि दोन्हीकडून कायदा उघडा आहे, हिंदू विवाह कायद्यात नवराही पोटगी मागू शकतो, बायको जास्त कमावत असेल तर हा विषय निघणार हे धरून चला.

एकरकमी की दरमहा? माझा कल एकरकमीकडे, मुलांचा खर्च मात्र दरमहा. दरमहा पोटगी म्हणजे दर महिन्याला एकमेकांची आठवण, आणि थकली की वसुलीचा अर्ज. पण एकरकमी घेताना रक्कम ऐकून हुरळून जाऊ नका. ३० लाख मोठे वाटतात, ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर महिना १७,५०० येतात, आणि महागाई दरवर्षी वाढते, व्याज तेवढंच. उलट देणाऱ्याने बघायचं की महिना २५ हजार म्हणजे १५ वर्षांत ४५ लाख, आज तीस दिले तर स्वस्त पडतं का. एकाच आकड्याकडे दोघं दोन बाजूंनी बघतात, म्हणून दोघांनी हा हिशोब एकत्र केला तर मधला आकडा सापडायला सोपं जातं. करात फरक आहे, एकरकमी पोटगी साधारणपणे करपात्र उत्पन्न धरत नाहीत, दरमहा मिळणारी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात, आणि देणाऱ्याला दोन्हीत वजावट नाही.

आकड्यावर अडलं तर आकडा ताणू नका, आकडा फोडा. तिला १० लाख जास्त हवेत, त्याच्याकडे रोख नाहीत, पण पीपीएफ दोन वर्षांनी मॅच्युअर होतोय. तिला खरं तर पुन्हा नोकरीला लागण्यासाठी दोन वर्षं सांभाळून घ्यायला हवंय. मग दोन वर्षं दरमहा आणि नंतर उरलेली रक्कम, किंवा गाडी तिला, किंवा मुलाच्या नावाने एफडी. हे बोलताना "तुला हे का हवंय" विचारा, खोचकपणे नाही, खरंच. एक जोडपं फ्लॅटवरून महिनोन्महिने अडलं होतं, शेवटी कळलं की तिला फ्लॅट नको होता, मुलाची शाळा बदलायची नव्हती. शाळेजवळ भाड्याच्या घराची तीन वर्षांची तरतूद झाली आणि फ्लॅट त्याच्याकडे राहिला.

टप्पे

इथे वेळ घाला. देणाऱ्याची भीती पैसे घेऊन संमती फिरवतील, घेणाऱ्याची भीती सही करून पैसे मिळणार नाहीत. दोघांचंही बरोबर. म्हणून प्रत्येक टप्प्यावर काहीतरी दिलं आणि काहीतरी घेतलं असं बसवा. उदाहरणार्थ एकूण ३० लाख: फर्स्ट मोशनच्या दिवशी ९ लाखांचा डीडी आणि दागिने परत, पोटगीचा आणि घरगुती हिंसाचाराचा अर्ज मागे घेतल्यावर ६ लाख, सेकंड मोशनच्या जबाबाच्या दिवशी १० लाख, हायकोर्टात एफआयआर रद्द करण्याच्या ॲफिडेव्हिटवर सही होताना उरलेले ५ लाख. डीडी कोर्टात हातात द्यायचा, त्याचा नंबर कोर्टाच्या रोजनाम्यात आणि टर्म्समध्ये आणि झेरॉक्स दोघांकडे. पोस्ट डेटेड चेकवर भागवू नका, रोख तर अजिबात नको, "थोडे ब्लॅकमध्ये देतो" म्हटलं की घेणाऱ्याने समजायचं की त्या थोड्याचा कागद कुठेच नसणार.

प्रत्येक टप्प्याला तीन प्रश्न लावा: कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, नाही केलं तर काय. तिसऱ्याचं उत्तर लाजून सोडतात. थकीत रकमेवर किती टक्के व्याज, सेकंड मोशनला आलं नाही तर आधी दिलेले पैसे परत करायचे का, किती दिवसांत. हे लिहिलेलं असलं की बऱ्याचदा वापरायची वेळ येत नाही.

ड्राफ्ट एकाच वकिलाने केला तरी चालतो, पण दुसऱ्याने आपल्या वकिलाकडून वाचून घ्यावा. "आमचे वकील दोघांचेही बघतील" हे गोड वाक्य आहे, फी ज्याची त्याचा वकील. वाचताना रकमा अक्षरातही लिहिल्यात का, खाते नंबर बरोबर आहे का, "यापुढे एकमेकांवर कोणताही दावा नाही" या ओळीत मुलांचे हक्क चुकून गेलेत का, हे बघा. फॅमिली कोर्टात समुपदेशकाकडे पाठवतील, तो दोघांना वेगवेगळं विचारेल की दबाव आहे का. असेल तर तिथे सांगा, तीच जागा आहे. आणि सही करायच्या आदल्या रात्री नवीन मागणी काढू नका, कितीही नातेवाईक फोन करोत.

हुकूम झाल्यावर

हुकमाच्या तीन-चार सर्टिफाइड कॉपी एकदमच काढून घ्या, बँक, पासपोर्ट ऑफिस, सोसायटी, प्रत्येकाला वेगळी लागते आणि नंतर पुन्हा अर्ज करायचा कंटाळा येतो. पीएफ, एलआयसी, म्युच्युअल फंड, डीमॅट, ग्रॅच्युइटी सगळीकडचं नॉमिनेशन बदला, कोर्टाचा हुकूम ते आपोआप बदलत नाही. जॉइंट खातं बंद, ॲड-ऑन क्रेडिट कार्ड रद्द, एकमेकांच्या फोनवर जाणारे ओटीपी बदला, नेटबँकिंगचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला. ज्याचं नाव जोडीदाराच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये होतं त्याने स्वतःची पॉलिसी हुकमाच्या आधीच घेऊन ठेवावी, कारण नवीन पॉलिसीत जुन्या आजारांना वेटिंग पिरियड असतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं.